बत्तीस मोहऱ्यांची हजेरी

तोताराम मास्तरांना तुम्ही काहीही सांगायला गेलात की ते चिमूटभर तपकीर ओढायचे, डोळे मिटायचे आणि विचारायचे, "आणि मग?" गावच्या पाटलांनी सांगितलं, बांधावरून भावावर दावा लावतो आहे. आणि मग? तलाठ्याने सांगितलं, पोरीचं लग्न ठरलं. आणि मग? मी नवा होतो तेव्हा मोठ्या ऐटीत सांगितलं की दोन वर्षांत ट्रेनिंग कॉलेजला जाणार, तर मलाही तेच. माणूस चिडायचा, कारण दोन-तीनदा उत्तर देता देता आपण पुढचं काहीच ठरवलेलं नाही हे त्याच्याच लक्षात यायचं. पाटलांनी म्हणे पुढे दावा लावलाच नाही. मास्तर हे खोचकपणाने करत नसत. त्यांचा जन्म बुद्धिबळाच्या पटापुढे गेला होता आणि पुढच्या तीन खेळ्या दिसल्याशिवाय त्यांचा हात उठत नसे.

एवढा पुढचं पाहणारा माणूस एकदा चुकला. ती चूक मी जवळ उभा राहून पाहिली. म्हणूनच त्यांच्याबद्दल लिहायला बसायचो आणि दौतीचं झाकण लावून उठायचो. आता माझंही वय झालं. लिहिलं नाही तर ते माझ्याबरोबरच जाईल.

मी मूळचा जळगावजवळच्या मेहरूणचा. फायनल पास होऊन वर्षभर घरी बसल्यावर नेमणुकीचा कागद आला तो पार पश्चिम खानदेशातला. दोंडाईच्याच्या स्टेशनावर उतरून दीड कोस चाललो तेव्हा ते गाव आलं. शाळा म्हणजे दोन खोल्या, पुढे ओटा आणि ओट्यापुढे चांगलं ऐसपैस अंगण. खोल्या रिकाम्या होत्या. सगळी मुलं अंगणात उन्हात उभी, आणि कोणी कोणाशी बोलत नाही. मला वाटलं, शाळेच्या शाळेला शिक्षा झाली. वळकटी खाली ठेवली तोच एक सात-आठ वर्षांचा पोऱ्या अदबीने म्हणाला, "गुरुजी, तुम्ही उंटना घरमा उभा शेतस. बाजूले व्हा."

खाली पाहिलं तर अंगणात चुन्याने आणि गेरूने आठ गुणिले आठ घरं आखलेली. प्रत्येक घर दोन हात लांब, दोन हात रुंद. मी उंटाच्या घरातून वळकटी उचलली आणि ओट्यावर जाऊन बसलो. ओट्यावर मास्तर होते. माझ्याकडे न पाहता त्यांनी हातानेच थांबा अशी खूण केली आणि लाल हत्तीला, म्हणजे एका ढगळ सदरा घातलेल्या मुलाला, तेरा सत्ते विचारलं. त्याने सांगितलं. मग तो चार घरं सरळ चालत गेला, समोरच्या हिरव्या प्याद्यापुढे उभा राहिला, आणि प्यादं तोंड पाडून ओट्यावर माझ्या शेजारी येऊन बसलं. तो माझा नोकरीचा पहिला दिवस. डाव संपल्यावर मास्तर म्हणाले, "तुम्ही धाकले मास्तर काय?" त्या दिवसापासून मी त्यांचा 'धाकले' झालो तो कायमचा.

त्यांची पद्धत सांगायला सोपी होती. वरच्या वर्गांत मिळून बत्तीस मुलं, पटावर मोहरी बत्तीस. वर्षाच्या सुरुवातीला प्रत्येकाला एक मोहरं मिळायचं. शाळा पुरी केलेली दोन मोठी मुलं ओट्यावरून डाव खेळायची, पण मोहरं नुसतं सांगून हलायचं नाही. आधी मास्तरांचा प्रश्न, बरोबर उत्तर आलं तर खेळी, नाही तर ती खेळी वाया. त्यामुळे ढ मुलाला नऊचा पाढा यावा ही साऱ्या सैन्याची गरज होऊन बसायची. मी स्वतः पाहिलं आहे, दुपारच्या सुट्टीत लाल वजीर आपल्या दोन प्याद्यांना चिंचेखाली बसवून पाढे घोकून घेत होता. छडी त्या शाळेत होती, पण ती मास्तर नकाशा दाखवायला वापरत.

नकाशासुद्धा त्याच पटावर. अंगणाची वरची बाजू खरोखरच उत्तरेला होती, तिकडे लांबवर सातपुड्याची निळी रेघ दिसायची. वरून दुसऱ्या ओळीत तापी. डाव्या कडेला सुरत, उजवीकडे जळगाव, भुसावळ. हत्ती सरळ जातो म्हणून हत्ती म्हणजे आगगाडी. घोडा वाकडी उडी घेतो म्हणून तो डोंगरातला वाटाड्या. व्याकरणाच्या दिवशी पटाच्या आठ उभ्या ओळी म्हणजे आठ विभक्ती. चौथ्या ओळीत पाय ठेवलात की चतुर्थी बोललंच पाहिजे, 'रामाला, घराला, गाईला'. तिरपा जाणारा उंट चार घरांत चार विभक्ती ओलांडायचा, म्हणून उंटाचं काम हुशार मुलाकडे. इतिहासाला ते फार थोडं सांगत. अमका राजा मेला हे त्यांना शिकवायला आवडत नसे. म्हणत, "मात म्हणजे मरण नाही रे बाबांनो. राजाला जायला घर उरत नाही, एवढंच." त्याच्या आधीच्या दहा खेळ्यांत कुठे चुकलं ते मुलांनी शोधायचं.

खेळ देशी पद्धतीचा. प्यादं पलीकडच्या शेवटच्या ओळीत ज्या घराला पोचेल त्या घराचं मोहरं होतं, घोड्याच्या घरात पोचलं तर घोडा, हत्तीच्या घरात पोचलं तर हत्ती. दोंडाईच्याला एक वकील राहायला आले होते, त्यांनी मास्तरांना विलायती कायदे सांगितले, की कुठलंही प्यादं थेट वजीर होऊ शकतं. मास्तर म्हणाले, "म्हणजे सगळ्यांनी वजीरच व्हायचं? आणि मग घोडा कोण होणार?" तसे मास्तर वाद घालणारे नव्हते, पण पटाच्या बाबतीत मात्र ते कोणाच्या बापाचं ऐकत नसत.

आता ती हजेरीची गोष्ट. खेड्यातल्या शाळेचं सगळ्यात मोठं दुखणं म्हणजे गैरहजेरी. कापूस वेचायला पोरं, गुरं राखायला पोरं, धाकटं भावंड सांभाळायला पोरं. पटावर दोन मोहरी कमी पडली की डाव लंगडा. एके दिवशी हिरामणभाऊ नावाचे शेतकरी तणतणत शाळेत आले. मुलगा दिवसभर अंगणात हुंदडतो असं त्यांच्या कानावर गेलं होतं, आणि म्हणून त्यांनी त्याला घरीच ठेवला होता. अंगणातूनच म्हणाले, "मास्तर, पोऱ्याले मी शिकाले धाडं, खेयाले नही." मास्तरांनी शांतपणे त्यांना सांगितलं की तुमच्या मुलाचं घर रिकामं आहे आणि त्याच्यावाचून हिरवी बाजू हरते आहे, तर तेवढा वेळ तुम्हीच उभे राहा. हिरामणभाऊ भिडस्त माणूस. उभे राहिले. दुपारपर्यंत हिरवा हत्ती म्हणून उभे राहिले, तीन प्रश्न चुकले, सगळ्या पोरांच्या शिव्या खाल्ल्या, आणि दुसऱ्या दिवशी मुलाला स्वतः आणून सोडलं.

मास्तरांना त्यात कायदाच सापडला. मूल येणार नसेल तर घरच्या एका माणसाने येऊन त्याच्या घरात उभं राहायचं. गावाने हे हसत हसत मान्य केलं. पहिले काही दिवस तर मौजच होती. सत्तरीची एक अक्का नातवाच्या जागी प्यादं म्हणून आली आणि कोणी मारलं तरी घर सोडीना. पण ऐन कामाच्या दिवसांत मोठ्या माणसाचा दिवस मोडणं कोणाला परवडणार? त्यापेक्षा पोर धाडलेलं बरं. आणि पोरांनाही आपल्या पायी बापाला उन्हात उभं राहावं लागतं याची शरम वाटू लागली. पाहता पाहता आमच्या शाळेची हजेरी तालुक्यात कुठे नव्हती अशी झाली. पाय मुरगळलेली मुलं लंगडत यायची. मास्तर कौतुकाने त्यांना ओट्याजवळचं घर द्यायचे. मला त्या दिवसांत त्यांचा फार हेवा वाटायचा, हे कबूल करतो.

मास्तरांचं मागे-पुढे कोणी नव्हतं. शाळेच्या मागच्या खोलीत राहायचे, हाताने भाकरी थापायचे. ध्यास एकच. ही पद्धत सरकारने पाहावी, मान्य करावी आणि निदान जिल्ह्यातल्या शाळांत सुरू व्हावी. त्यासाठी त्यांनी एक जाड वही सुवाच्य अक्षरात लिहून काढली होती. दरवर्षी धुळ्याला अर्ज जायचा. नऊ वर्षं गेली. दहाव्या वर्षी उत्तर आलं की दसरा झाल्यावर शाळा तपासणारे डिपोटी साहेब स्वतः येऊन पाहतील. मास्तरांनी तो कागद मला तीनदा वाचायला लावला.

त्याच साली पावसाने दडी मारली होती. विहिरी खाली गेल्या, ज्वारी करपली. युरोपातली लढाई संपत आली असं वर्तमानपत्रात यायचं. आणि नवरात्रात दोंडाईच्याच्या बाजारहून आलेली माणसं एका तापाचं बोलू लागली. सुरतेकडून गाडीने आला म्हणत. मानमोडी. सकाळी माणूस चांगलं असतं, दुपारी मान टाकतं, चौथ्या दिवशी तिरडी. दसऱ्याच्या आत आमच्या गावात तीन घरं आडवी झाली. मी मास्तरांना म्हटलं, शाळा बंद ठेवू या का?

त्यांनी धुळ्याचा कागद पुन्हा उघडून पाहिला. मग म्हणाले, "परवा साहेब येताहेत. तेवढे येऊन जाऊ देत. मग पंधरा दिवस बंद ठेवू."

त्या वेळी 'आणि मग?' विचारायचं काम माझं होतं. मी विचारलं नाही.

साहेब धुळ्याहून टांग्याने आले. अंगण आदल्या दिवशी नव्याने आखलेलं होतं. मुलांच्या मनगटांना लाल-हिरव्या कापडाच्या पट्ट्या बांधलेल्या, म्हणजे कोण कुठल्या बाजूचं ते पाहुण्याला कळावं. बत्तीसच्या बत्तीस मुलं हजर. एवढं गाव आजारी, आणि एक घर रिकामं नाही. साहेबांनी ते मुद्दाम विचारून घेतलं आणि मान डोलावली.

हिरवा घोडा होता भटू. नऊ वर्षांचा, काटकुळा, उडी मारताना जीभ बाहेर काढायची त्याला सवय होती. बाप आधीच्याच वर्षी गेलेला. घरी आई, आजी आणि एक चुलता. मी हजेरीचा कागद घेऊन ओळींतून फिरत होतो तेव्हा मला तो हलताना दिसला. उभ्या उभ्या हलत होता. चेहरा लाल. मी कागद आडवा धरून त्याच्या मानेला हात लावला आणि झटकन मागे घेतला. हळूच विचारलं, घरी का नाही राहिलास? तो म्हणाला, "घरमा बठ्ठा तापमा पडेल शेतस, गुरुजी. उभं राहाले कोणी नही."

मी ओट्याकडे पाहिलं. मास्तर साहेबांना वही दाखवत होते. त्यांच्या चेहऱ्यावर असा आनंद मी कधी पाहिला नव्हता. मला वाटलं, एक डाव. एक डाव होईल आणि मग मीच याला उचलून घरी नेईन. मी पुढच्या मुलाकडे गेलो.

डाव दोन तास चालला. ऑक्टोबरचं ऊन, वर ढग नाही. भटूला पाच वेळा हलावं लागलं आणि पाचही वेळा त्याचं उत्तर बरोबर आलं. साहेबांनी त्याला मुद्दाम जास्तीचा प्रश्न विचारला, दोंडाईच्याहून भुसावळला जाताना तापी कुठल्या हाताला राहते? त्याने डावा हात वर केला. साहेब खूष झाले. असं शिक्षण मी पुण्यातही पाहिलं नाही, म्हणाले. टांगा नजरेआड झाल्यावर मी भटूला घरी सोडून आलो. तो माझ्या पाठीवर होता.

दुसऱ्या दिवशी अकरा मुलं आली नाहीत. तिसऱ्या दिवशी शाळाच भरली नाही. भटू पाचव्या दिवशी गेला. त्याच्या मागोमाग लाल उंट, दोघी बहिणी ज्या शेजारशेजारची प्यादी होत्या, हिरामणभाऊंचा मुलगा. किती लिहू? बत्तीसांतली नऊ. गावात लाकूड मिळेना, खांदा द्यायला माणसं मिळेनात. मास्तर आणि मी जिथे बोलावणं येईल तिथे जात होतो. आम्हा दोघांना ताप शिवलासुद्धा नाही, आणि याचा मास्तरांना इतका संताप यायचा की ते स्मशानातून येऊन विहिरीवर तासन् तास अंगावर पाणी ओतत राहायचे.

त्यांना दोष कोणीच दिला नाही. दिला असता तर बरं झालं असतं असं मला अजून वाटतं. मी त्यांना समजावायला गेलो. म्हटलं, शाळेत न येणारी मुलंही गेलीच की, ताप घरोघर होता. ते म्हणाले, "ती अंथरुणावर गेली, धाकले. माझी दोन तास उन्हात उभी होती."

दिवाळीनंतर शाळा पुन्हा उघडली. मास्तरांनी अंगण आखलं नव्हतं, मुलांना आत खोलीत बसा म्हणून सांगणार होते. पण जुन्या चुन्याच्या रेघा पुसट दिसत होत्या, आणि मुलं सवयीने आपापल्या घरात जाऊन उभी राहिली. नऊ घरं रिकामी. एवढ्यात फाटकातून भटूची आई आली. आजारातून उठलेली, केस गेलेले, डोक्यावर पदर घट्ट ओढलेला. भटूचा चुलता आणि आजीही गेली होती. ती कोणाकडे न पाहता सरळ चालत आली आणि हिरव्या घोड्याच्या घरात उभी राहिली.

मास्तर ओट्यावरून उतरले. तिच्यापासून दोन घरांवर थांबले.

ती म्हणाली, "भटू नही शे, गुरुजी. घरमा आते मीच शे."

तिच्या आवाजात राग नव्हता, टोमणा नव्हता. मूल नसेल तर घरच्या माणसाने उभं राहायचं असा कायदा होता, तो ती पाळायला आली होती. मुलाच्या नावाचं तेवढंच काही उरलं होतं तिच्याजवळ. सगळी मुलं तिच्याकडे बघत होती. मास्तरांनी डोक्यावरची टोपी काढली, पुन्हा घातली, पुन्हा काढली. मग म्हणाले, "शाळा सुटली." शाळा भरून पाच मिनिटंही झाली नव्हती. मुलं गेली. ती मात्र सूर्य डोक्यावर येईपर्यंत उभी होती आणि मास्तरही तिच्यासमोर तसेच उभे होते. शेवटी माझ्याने पाहवेना, मी तिला हाताला धरून घरी पोचवलं.

त्याच दिवशी मास्तरांनी स्वतः शेण कालवलं आणि सारं अंगण सारवून काढलं. एक रेघ शिल्लक ठेवली नाही. आपला लाकडी पट आणि मोहरी चुलीत घातली. जाड वहीही गेली असावी, मला ती पुन्हा दिसली नाही. थंडीत धुळ्याहून लखोटा आला. साहेब शब्दाला जागले होते. पद्धत प्रयोगादाखल तीन शाळांत सुरू करायला मंजुरी मिळाली होती, आणि तोताराम मास्तरांनी त्या तीन शाळांच्या शिक्षकांना ती शिकवावी असं लिहिलं होतं. दहा वर्षं ज्याची वाट पाहिली तो कागद. मास्तरांनी तो एकदा वाचला आणि उलट टपाली एका ओळीचं उत्तर लिहिलं. ते मीच डाकेत टाकलं म्हणून मला ठाऊक आहे. 'ही पद्धत घातक आहे, कोणत्याही शाळेत वापरू नये.' खाली सही आणि बदलीची विनंती.

त्यानंतर मास्तर कुठे कुठे फिरले. मी ट्रेनिंग केलं, जळगावला आलो, पुढे तपासणी खात्यात गेलो. एकदा काही कामाने ते जळगावला आले आणि माझ्याकडे मेहरूणला जेवायला थांबले. बोलणं इकडचं-तिकडचं, खेळीमेळीचं. त्यांनी 'आणि मग?' म्हणणं सोडल्याचं माझ्या लक्षात आलं. मी काही सांगायचो, ते ऐकायचे आणि मान हलवायचे, जणू पुढे काय होणार ते त्यांना ठाऊक होतं आणि ते विचारण्यात अर्थ नव्हता. जेवण झाल्यावर माझ्या शेजाऱ्यांनी, त्यांची कीर्ती ऐकून, पट मांडला आणि एक डाव टाकू या म्हणून आग्रह धरला. मास्तर म्हणाले, "हात थरथरतात हो आता." मी त्यांच्या हाताकडे पाहिलं. हात अगदी स्थिर होते. तळ्याकडे जरा फिरून येतो म्हणून उठले ते तसेच स्टेशनावर गेले.

शेवटची भेट धुळ्याची. त्यांच्या नोकरीची दोन वर्षं उरली होती. तक्रार अशी होती की त्यांच्या वर्गाची हजेरी सबंध शहरात सगळ्यात कमी आहे, पालक ओरडताहेत, शिक्षक मुलांना शाळेत येऊच देत नाही. तपासणीला मला पाठवलं. महिन्याभरात त्यांना घरी बसवण्यात आलं आणि त्या कागदावर माझीच सही आहे, हे इथेच सांगून टाकतो.

मी सकाळी शाळा भरायच्या वेळेला गेलो. मास्तर वर्गाच्या दारात उभे होते. केस पांढरे, पाठ थोडी वाकलेली. दाराशी मुलांची रांग. प्रत्येक मुलाच्या कपाळाला ते हाताची मागची बाजू लावायचे, मग मानेला, मग मनगट धरून थोडा वेळ उभे राहायचे. एखादा शिंकला, एखाद्याचं नाक वाहत असलं, एखाद्याचं अंग उन्हातून चालत आल्यामुळे जरा कोमट लागलं, की त्याला घरी जा म्हणायचे. पोरं आनंदाने उड्या मारत जात होती. आत अकरा मुलं होती, तीही एकमेकांपासून लांब लांब बसवलेली. फळ्यावर बेरजेचं उदाहरण.

त्यांनी मला ओळखलं. "या धाकले," म्हणाले, आणि रांगेकडे वळले.

मी त्यांच्या शेजारी उभा राहिलो. तपासणीचं काही बोललो नाही. जे सोळा-सतरा वर्षं मनात होतं तेच एकदम तोंडून बाहेर पडलं. म्हटलं, "मास्तर, तुम्ही स्वतःला जाळत राहिलात, पण त्या दिवशी तुम्हाला ठाऊक नव्हतं. मला होतं. भटूच्या मानेला मी हात लावला होता. तो तापलेला होता आणि मी गप्प राहिलो. दोष माझा आहे."

मला वाटलं होतं, ते रागावतील. किंवा निदान त्यांच्या खांद्यावरचा थोडा भार मी उचलला म्हणून त्यांना बरं वाटेल. एवढी वर्षं मी ते त्यांच्यापासून लपवलं याची लाज वाटत होती, आणि आता सांगून टाकलं म्हणून थोडं हलकंही वाटत होतं.

ते माझ्याकडे वळले नाहीत. हातात एका मुलाचं मनगट होतं, ते सोडलं नाही. हळू म्हणाले, "पट्ट्या सगळ्यांना मीच बांधल्या होत्या, धाकले. भटूचं मनगट माझ्या हातात होतं. मला कळलं होतं."

मग त्यांनी त्या मुलाच्या कपाळाला हात लावून पाहिला आणि त्याला घरी जायला सांगितलं.